पाच दिव्यांची टाकी

ज्या शोधाबद्दल शाल, श्रीफळ आणि एक जडशीळ स्मृतिचिन्ह देऊन माझा सत्कार झाला, तो शोध खरं म्हणजे खोबरेल तेलाच्या बाटलीने लावला. मी फक्त तिच्यासमोर उभी होते. डिसेंबरातली सकाळ होती, जालन्यातल्या मस्तगडच्या आमच्या घरात तेल गोठून पांढरं झालं होतं आणि कॉलेजची बस चुकायच्या बेतात असताना मी ती बाटली खिडकीत उन्हाला धरून तिच्यावर चरफडत होते. वरचं तेल वितळलं होतं, खालचं घट्ट होतं. वितळलेल्या भागातून समोरच्या किराणा दुकानाची पाटी दिसत होती, घट्ट भागातून काहीच दिसत नव्हतं. बस चुकली ती चुकलीच, पण दोन महिने डोकं खाणारा एक प्रश्न सुटला.

प्रश्न असा होता. मी एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते, म्हणजे जगातल्या कुठल्याही गोष्टीचं माप कसं घ्यावं हे मुलांना सांगते. आमच्या विभागप्रमुखांनी, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात, एक प्रकल्प मिळवून आणला होता. दिवसा उन्हाने पाणी तापवायचं, त्या पाण्याने एका टाकीतलं मेण वितळवायचं आणि ती साठलेली उष्णता संध्याकाळी वापरायची. मेण वितळताना भरपूर उष्णता पोटात घेतं आणि पुन्हा घट्ट होताना परत देतं. यात नवीन काही नाही. अडचण एवढीच, की वितळत असताना मेणाचं तापमान हलत नाही. टाकी पाव भरलेली असो की पाऊण, थर्मामीटर तोच आकडा दाखवत बसतो. मग टाकीत उष्णता किती आहे हे कळायचं कसं? बाटलीने सांगितलं, की उजेड पाठव आणि तो पलीकडे पोचतो का बघ.

मी टाकीला वरपासून खालपर्यंत पाच ठिकाणी समोरासमोर काचेच्या खिडक्या बसवल्या. प्रत्येक खिडकीत एका बाजूला बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड वाहून नेणारी काचेची तार. पाचही तारा भिंतीवरच्या एका पत्र्याच्या डब्यात येत आणि डब्याच्या झाकणावर पाच हिरवे दिवे होते. ज्या पातळीचं मेण वितळलं, तिथला उजेड आरपार जाणार आणि तिचा हिरवा दिवा लागणार. पाच दिवे म्हणजे टाकी भरली, एक दिवा म्हणजे आज घरी जा. हाच हिशेब मोबाईलवर मला आणि सरांना कॉलेजात बसून दिसत असे. शोधनिबंधात मी हे इतक्या अवघड भाषेत लिहिलं, की नंतर माझं मलाच दोनदा वाचावं लागलं.

सरांना टाकी कॉलेजच्या फाटकाशी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी हवी होती. पण ती गावकऱ्यांच्या कामाला आली पाहिजे अशी अट कागदावर होती आणि कागदापुढे सरांचं काही चालत नाही. म्हणून ती गेली बदनापूरच्या पलीकडे एका गावात, रेशीम काढणाऱ्या बायकांच्या गटाकडे. शेताच्या तुकड्यात तुती लावायची, तिच्या पाल्यावर अळ्या वाढवायच्या, अळ्यांनी स्वतःभोवती कोष विणले की ते वेचून जालन्याच्या बाजारात न्यायचे, असं ते काम. कोष विणल्यावर अळी आत गप्प पडून राहते आणि आठ-दहा दिवसांत तिचं पाखरू होऊन कोषाला भोक पाडून बाहेर येतं. भोक पडलेल्या कोषाचा धागा सलग निघत नाही, म्हणजे तो कोष मेल्यात जमा. एरवी बायका ताजेच कोष विकून मोकळ्या होत. पण बाजार बंद असला की ते गरम हवेत भाजून वाळवून ठेवावे लागत. आतला जीव मरेपर्यंत उष्णता एकसारखी लागते, मध्येच गार पडून चालत नाही.

हे भाजण्याचं काम पूर्वी लाकडाच्या भट्टीवर चाले. ते पाहणाऱ्या बाईला सगळा गट ‘ताई’ म्हणत असे, म्हणून मीही म्हणू लागले, जरी ती माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान असेल. तिच्या सासऱ्यांपर्यंत घरात मेंढरं होती. ती लग्न होऊन आली तेव्हा मेंढरं जाऊन शेळ्या आल्या होत्या, आणि आता शेळ्या जाऊन अळ्या. भट्टीच्या धुराने तिचे डोळे कायम लाल असत. मी टाकीची योजना सांगायला गेले तेव्हा गटातल्या निम्म्या बायकांनी माझ्याकडे भांड्याच्या फेरीवाल्याकडे बघावं तसं बघितलं. ताईच उभी राहिली आणि म्हणाली, की एक हंगाम भट्टी बंद, मॅडमची टाकी चालू, आणि काही वाईटवाकडं झालं तर कोष भाजायच्या शेडची चावी मी परत देईन. ती चावी म्हणजे त्या गटातला मान होता. मला तेव्हा त्याचं फार वाटलं नाही. मला वाटलं, चला, मिळवायच्या सह्यांतली एक कमी झाली.

पहिले काही महिने टाकी गुणी निघाली. उन्हाळा होता, जालन्याच्या उन्हात मेण काय, माणूस वितळतो. रोज चारपर्यंत पाच दिवे लागत. कोष भरून पंखा लावला, की टाकीवरून गरम झालेली हवा त्यांच्यातून फिरे. ताईने यंत्राचं शिक्षण अर्ध्या तासात घेतलं आणि वर स्वतःची एक सोय केली. टाकीला उष्णता धरून ठेवणारी जाड गोधडी गुंडाळलेली होती, तिला तिने सगळ्यात खालच्या खिडकीपाशी एक झापड ठेवली. कोष भरण्याआधी ती झापड उचलून काचेला डोळा लावून आत बघे. मी एकदा रागावले, की ताई, दिवे लागलेत ना, मग वाकून काय बघता? ती म्हणाली, “दिवे बराबर हायेत मॅडम. मी आपलं भेटून येते.” मी हसले आणि गोधडीतून उष्णता जाते असं बजावून निघाले.

मग श्रावणात उद्घाटन ठरलं. टाकी चालू होऊन चार महिने झाले होते, पण उद्घाटन झाल्याशिवाय आपल्याकडे कुठलीही गोष्ट सुरू होत नाही. प्रमुख पाहुणे सकाळी अकराला येणार होते, म्हणजे दुपारी चारला आले. दिवसभर आभाळ भरलेलं. सरांनी मांडव घातला होता, कापडी फलक लावला होता, रांगोळी काढवून घेतली होती, आणि भिंतीवर माझे दोनच हिरवे दिवे लागलेले होते. सर माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, की दोन? मी म्हटलं, सर, ढग आहेत, दोनच लागणार, यंत्र बरोबर दाखवतंय. सर म्हणाले, की यंत्र बरोबर दाखवतंय हे पाहुण्यांना कोण समजावणार? आणि गाड्यांचा आवाज आला.

पुढचं मी कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही. मी भिंतीमागच्या बाजूला गेले, डब्याचं मागचं झाकण काढलं आणि आत मोबाईलची बॅटरी लावून ठेवली. आत तारांच्या टोकांशी बसलेल्या त्या पाच डोळ्यांना उजेड कळतो, तो कुठून आला हे कळत नाही. पाचही दिवे झळकले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. पाहुणे भाषणात म्हणाले, की आज या भगिनींनी सूर्याला घरात आणून ठेवलं आहे. सूर्य माझ्या मोबाईलमध्ये होता आणि त्याचं चार्जिंग पंधरा टक्के उरलं होतं, त्यामुळे भाषण लांबलं तेव्हा मला घाम फुटला.

गाड्या गेल्यावर मी मोबाईल काढायला मागे गेले तर ताई तिथे उभी होती. मी काहीतरी पुटपुटले. ती माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघत म्हणाली, “बराबर केलं मॅडम. पाव्हण्याला रिकामं भांडं दाखवू न्हाई.” मला इतकं हायसं वाटलं, की परतीच्या वाटेवर मी गाडीत गाणं गुणगुणत होते. आपली लबाडी दुसऱ्याने रीतभात म्हणून स्वीकारली की तिचा वास येत नाही.

उद्घाटनानंतर सरांना त्या पाच दिव्यांचा लळा लागला. ते रोज सकाळी चहाबरोबर मोबाईलवर टाकी बघत. पावसाळा होता, दिवे कधी तीन, कधी दोन. पाचाखाली आले की लगेच मला बोलावणं. आज तीन का? काल दोन का? अहवाल जायचाय, पुढचा हप्ता यायचाय, आलेख असा खाली पडलेला कसा चालेल? मी सरांना ढग समजावून सांगे, आणि मग माझ्या खोलीत येऊन ताईला फोन लावून तोच प्रश्न तिला विचारे, जणू ढग तिच्या अंगणात बांधलेले होते. एकदा सर फार बोलले, नाकर्तेपणा वगैरे. त्या दिवशी फोनवर माझा आवाज फुटला. ताई म्हणाली, तुम्ही काळजी करू नका, होईल सगळं बराबर.

आणि झालं. पुढच्या आठवड्यापासून आकडे सुधारले. चार, पाच, पाच, चार, पाच. सर खूश झाले. मी खूश झाले. मी निबंधात एक नवीन परिच्छेद घातला, की प्रस्तुत प्रणाली ढगाळ हवामानातही समाधानकारक साठवण दर्शवते. त्याला कारणंही दिली, तीन कारणं, प्रत्येकाला आकृती. ज्या खोलीत बसून मी हे लिहिलं तिला पश्चिमेकडे मोठी खिडकी आहे. मला आठवतं, पाऊस आत येतो म्हणून मी उठून ती लावून घेतली आणि पुन्हा लिहायला बसले.

दिवाळी आली. ताईचा कोषांचा हंगाम नेमका त्याच आठवड्यात उतरला, आणि तो चांगला उतरला होता. पांढरे, टणक, हातात घेऊन हलवले तर आत खुळखुळणारे कोष. सणामुळे भाऊबिजेनंतरही चार-पाच दिवस बाजार बंद राहणार होता. ताजे ठेवले असते तर पाखरं बाहेर पडली असती, म्हणून भाऊबिजेच्या संध्याकाळी ते भाजायचे ठरलं. पण भाऊबिजेला ताईला आष्टीला, भावाकडे जायचं होतं. दोन वर्षं ती गेली नव्हती. तिने चावी धाकट्या जावेकडे दिली आणि सांगितलं, की टाकी भरली का ते मॅडमला विचार आणि मगच कोष भर.

भाऊबिजेला माझाही भाऊ आलेला होता. मी पुऱ्या तळत होते तेव्हा जावेचा फोन आला. ती म्हणाली, “मॅडम, पाच दिवे दिसून राह्यलेत. भरू का? खरं सांगा बरं.” मी हात पुसून मोबाईलवर टाकी बघितली. पाच. मला तिच्या ‘खरं सांगा’ची गंमतच वाटली, जराशी चीडही आली. मी म्हटलं, अगं, माझं यंत्र खोटं बोलत नाही, बिनधास्त भर. फोन ठेवून मी पुऱ्यांकडे वळले. परतीचा पाऊस पाडव्यापासून भुरभुरत होता. दारात काढलेली माझी रांगोळी दोन दिवस टिकली नव्हती आणि त्याबद्दल मी सकाळीच भावाकडे तक्रार केली होती.

पाच दिवसांनी बाजार उघडला. त्या सकाळी ताईचा फोन आला. ती नमस्कारसुद्धा म्हणाली नाही. “या,” एवढंच म्हणाली.

मी पोचले तेव्हा पोती शेडच्या दाराशी आणून ठेवलेली होती आणि त्यांची तोंडं सोडलेली होती. पोत्यांवर पाखरं बसली होती. पांढरट, जाडी, केसाळ, पंख नुसते थरथरवणारी, कारण ती उडत नाहीत. काही जमिनीवर चालत होती. काहींनी जोड्याही जमवल्या होत्या. मी एका पोत्यात हात घातला, एकेक कोष काढून बघितला. भोक, भोक, भोक. सगळ्याच कोषांना नव्हतं, पण व्यापारी पोत्यात हात घालून एक भोक दिसलं की पुढचं पोतं उघडत नाही. हवा दोन-तीन तास गरम आली असणार आणि मग नुसती कोमट. जावेने सकाळपर्यंत पंखा चालू ठेवला, कोष हाताला ऊन लागले, म्हणून तिने ते पोत्यांत भरले. ताई आष्टीहून आली तेव्हा पोती बांधून तयार होती. तिने एकच विचारलं होतं, की मॅडमला विचारलं होतं ना? जावेने हो म्हटलं. मग तिने पोती उघडली नाहीत.

मी तडक भिंतीमागे गेले. मला वाटत होतं तार तुटली असेल, ओल शिरली असेल, माझ्या शास्त्राचीच काहीतरी चूक असेल आणि मी ती शोधून काढीन. डब्याचं झाकण उघडलं. आत दिवाळीची माळ होती. पांढऱ्या बारीक दिव्यांची, दुकानात मिळते ती, नीट गुंडाळून ठेवलेली, वायर खालच्या फटीतून काढून बटणाला लावलेली. सगळे दिवे लागलेले होते. माझ्या पाच डोळ्यांची तिथे दिवाळी चाललेली होती.

ताई मागे येऊन उभी राहिली. तिनेच सांगितलं, की पहिल्यांदा चार्जिंगची बॅटरी लावत होते, ढग असले की. माळ ह्या वेळेला लावली, कारण बॅटरी चार दिवस टिकली नसती. मी विचारलं, पण का? ती म्हणाली, “तुमचे सर बोलतात ना तुम्हाला. तुमची भाऊबीज तरी निवांत जावी म्हणलं.”

मी माळेचं बटण बंद केलं. शरम म्हणजे काय हे मला तोवर पुस्तकातून माहीत होतं.

दुपारी मी सरांना फोन केला. सर शांत होते. म्हणाले, की अहवालात मानवी चूक असं लिहा, चालवणाऱ्याने छेडछाड केली, आपलं यंत्र निर्दोष आहे. शास्त्राच्या दृष्टीने सर बरोबर होते. मी म्हटलं, लिहिते, पण मग तो मानव कोण हेही लिहावं लागेल. मी लिहिलंही, श्रावणातल्या त्या दुपारसकट. सरांनी ते खोडून तिथे ‘बाह्य प्रकाशाचा अनपेक्षित हस्तक्षेप’ असं घातलं. मला मान्य करावं लागेल, की शब्द छान आहेत. निबंध त्याच शब्दांनिशी पुढे गेला, ढगाळ हवामानाचा परिच्छेद तेवढा मी भांडून काढायला लावला, आणि उरलेल्यावर जानेवारीत मला शाल मिळाली.

पण त्याआधी, पोती उघडली त्याच आठवड्यात, गटाची बैठक झाली. शेडमध्येच, सतरंजीवर. मी रात्रभर विचार करून गेले होते. ताईला बोलू द्यायचं नाही, आधी आपण उभं राहायचं, आपला गुन्हा सांगायचा आणि चावी तिच्याकडे ठेवायला लावायची. मनात कुठेतरी असंही होतं, की मी हे कबूल केल्यावर बायका चकित होतील, कदाचित मला मोठ्या मनाची म्हणतील. हे सांगायला नको खरं तर, पण होतं.

ताईने माझी वाट बघितली नाही. तिने कमरेची चावी काढून मध्ये सतरंजीवर ठेवली आणि म्हणाली, “चूक माझी हाय. माळ मीच लावून गेल्ते. कोषबी माझेच गेले, कुणाचं नुकसान न्हाई. पर चावी दुसरीला द्या.”

तेव्हा मी उभी राहिले आणि सांगितलं. उद्घाटन, दोन दिवे, मोबाईलची बॅटरी. ही युक्ती ताईला माझ्यामुळे कळली, तिला दोष देऊ नका. बोलून झाल्यावर मी बायकांकडे पाहिलं. एकीच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. एकजण शेंगा निवडत होती, तिचा हातसुद्धा थांबला नाही.

धाकटी जाऊ म्हणाली, “ते ठाव हाय मॅडम. त्या दिवशी आम्ही समद्या मांडवाच्या मागंच उभ्या होतो, दिसलं समदं.”

मी विचारलं, की माहीत होतं, तर त्या संध्याकाळी मला फोन करून विचारलंस कशाला? तुला तर ठाऊक होतं दिवे खोटे असू शकतात.

“म्हणूनच तर इचारलं. खरं सांगा म्हणलं होतं मी.”

उत्तर ताईने दिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, ती मला एखादी गोष्ट पुन्हा समजावून सांगत होती, मी तिला यंत्र समजावलं होतं तसं. “दिवे सरांसाठी होते मॅडम. ते पाव्हणे. तुम्हाला आतलं ठाव हाय असंच धरून चाललो आम्ही. आभाळ भरून आल्यावर पाच दिवे लागत न्हाईत, हे यंत्र करणारीला कळणार न्हाई का? तुम्ही एकदाबी इचारलं न्हाई. मंग आम्हाला वाटलं, ठावच हाय. आम्ही तुम्हाला घरची समजून राह्यलो होतो.”

बैठक पुढे चालली. भट्टी पुन्हा पेटवायची, आतला जीव मरेपर्यंतची आच लाकडाची आणि पुढचं वाळवणं तेवढं टाकीवर, असं ठरलं. चावी जावेने सतरंजीवरून उचलली आणि ताईच्या मांडीवर ठेवली. त्यावर चर्चाच झाली नाही. म्हणजे मी ज्या चावीसाठी एवढं भाषण केलं, ती कुठे जाणार हे त्या बायकांचं आधीच ठरलेलं होतं. ताईचा हंगाम मात्र गेला. पुढच्या अळ्या येईपर्यंत तिला दीड महिना थांबायचं होतं, आणि तो दीड महिना ती भट्टीच्या धुरात बसून दुसऱ्यांचे कोष भाजत होती.

मी डबा बदलला. आता तो बंदिस्त आहे, त्यात बाहेरचा उजेड जात नाही आणि कुणी उघडला तर मला कळतं. खरं तर कुणी उघडतही नाही. दिवे अगदी खरे लागतात. तरी त्यानंतर मी गेले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. एवढे महिने मी त्यांच्यात सतरंजीवर बसत होते, पाणी लागलं तर स्वतः उठून माठातून घेत होते. त्या दिवशी मी दारात दिसताच ताईने आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, पदराने पुसली आणि माझ्यासाठी मांडली. चहा कपबशीत आला. बरोबर ताटलीत बिस्किटं, ती नीट गोलात लावलेली. मी म्हटलं, ताई, हे कशाला? ती म्हणाली, असू द्या मॅडम, तुम्ही लांबून येता.

हल्ली फोन करून विचारलं, की ताई, कोष कसे आहेत, टाकी कशी आहे, तर ती म्हणते, “बिलकुल मस्त हाय मॅडम, भरपूर हाय, तुम्ही कशाला तरास घेता?” पाहुण्याशी बोलावं तसं, गोड. मोबाईलवर तेव्हा दोन दिवे दिसत असतात. दोनच आहेत असं ती मला आता सांगत नाही.

म्हणून दर शनिवारी मी बदनापूरची बस धरते, पुढे रिक्षाने गावात जाते, गोधडीची झापड उचलते आणि काचेला डोळा लावून आत बघते. ताई शेजारी उभी असते. कधीतरी ती पुन्हा वाकून माझ्याबरोबर बघेल आणि आज काही खरं नाही, घरी जा, असं तोंडावर म्हणेल, ह्या आशेवर मी जाते. खुर्ची अजून पुसून मिळते.